पाहुण्या लेखकाचे दाजी

आधी माझी चूक सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे हसण्यासारखं येईल ते कोण सांगतो आहे हे तुमच्या लक्षात राहील. कुटुंबासह केलेल्या लाँचच्या प्रवासांवर मी चार लेख लिहिले. चारही लेखांत ‘मी’, ‘आम्ही’, ‘आमची मंडळी’ असे शब्द होते. त्यांतल्या एकाही लाँचमध्ये मी बसलेलो नव्हतो. बसले होते ते माझे दाजी. त्यांचे प्रवास मी माझ्या नावावर घेतले, आणि तेवढ्याने भागेना म्हणून पाचवा लेख दाजींवरच लिहून त्यांची टिंगल केली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नाव काशिनाथ. मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे आतल्या एका गावात त्यांची भाताची गिरणी होती. गिरणीच्या भिंतीवर साधारण काय लिहिलेलं असतं ते तुम्हाला माहीत आहे. ‘चालू पट्ट्याजवळ उभे राहू नये.’ ‘आपली गोणी आपण सांभाळावी.’ दाजींच्या भिंतीवर या दोन ओळी होत्या, आणि उरलेल्या सगळ्या भिंतीवर लाँचची वेळापत्रकं होती. भाऊचा धक्का ते रेवस. भाऊचा धक्का ते मोरा. रेवस ते करंजा. पुढे दाभोळ ते धोपावे ही फेरीबोट सुरू झाली, तेव्हा तीही आली, आणि तिच्यापुढे ‘हिच्यात मोटारी चढतात’ असा शेरा आला.

त्या गावातून समुद्र गाठायचा तर पहाटेची एसटी धरून कल्याण, आणि कल्याणहून पुढे निम्मा दिवस. गावच्या नदीला मार्चनंतर गुडघाभर पाणी राहत नाही. पण भात भरडायला आलेल्या बायका नंबर लागेपर्यंत बसून काय करणार? वाचता येणाऱ्या भिंत वाचायच्या, न येणाऱ्या ऐकायच्या. हौसाबाय नावाची एक म्हातारी शेजारच्या वाडीतून यायची. तिने समुद्र पाहिलेला नव्हता, कल्याणही एकदाच पाहिलं होतं. पण गिरणीत कुणी नवखा दिसला की ती त्याला आपणहून सांगायची, “मोऱ्याची शेवटची लाँच गेली का मंग नाय हां. ऱ्हावा लागंल.” नवखा माणूस भाताची गोणी घेऊन आलेला असायचा. तो मान डोलवायचा.

दाजी दरवर्षी उन्हाळ्यात, गिरणीला काम नसे तेव्हा, सगळ्या घराला लाँचने कुठेतरी नेत. कुठे जायचं याला फारसं महत्त्व नव्हतं. लाँच जाते का, एवढंच पाहिलं जाई. एकदा ताईने महाबळेश्वरचा हट्ट धरला. दाजी आठ दिवस कुणाकुणाला विचारत राहिले. शेवटी तापोळ्याला लाँच आहे असं कळलं, आणि मग गेले. ताईला महाबळेश्वरचा एकही पॉइंट दिसला नाही. तापोळ्याच्या पाण्यातून लाँचने तीन खेपा झाल्या. शिर्डीला ते वर्षाआड जात, पण ती सहल धरत नसत. “ते देवाचं. तिथं लाँच कुठं हाय?” म्हणत.

लाँचच का, असं त्यांना कुणीही विचारलं की ते एकच उत्तर देत, आणि दर वेळी नवीन सुचल्यासारखं देत. “यष्टी काय, पोचवते. लाँच नेते.” समोरच्याला फरक कळला नाही तर ते पुढची पायरी चढत. “हे बघ. यष्टीत मानूस रुसला का टोकावड्याला उतरतो. लाँचीत रुसून जातो कुठं? मधी उतरता येत नाय. मंग बोलतो गपचूप.”

हे ‘मधी उतरता येत नाय’ त्यांनी सगळ्या आयुष्याला लावलेलं होतं. भाचीचं लग्न ठरलं की तिला ते हेच सांगत. बारावीला कंटाळलेल्या मुलाला हेच. एकदा मी त्यांना पेचात पकडलं. रेवसला पाणी कमी असलं की लाँच धक्क्याला लागत नाही, मग माणसांना मधेच छोट्या होडीत घेतात, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. मी म्हटलं, “दाजी, मग उतरवलंच की मध्ये.”

“ते उतरनं नाय,” दाजी म्हणाले. “ती बदली.”

लाँचमध्ये बसल्यावर दाजी पाण्याकडे पाहत नसत. ते इंजिनापाशी जाऊन डोळे मिटून उभे राहत. गिरणीचं डिझेल इंजिन आणि लाँचचं इंजिन यांना ते सख्खे भाऊ मानत. लाँचमधला धाकटा, कारण तो भटकतो. दहा मिनिटं ऐकून झाली की ते लाँच चालवणाऱ्या सारंगाकडे जात आणि गंभीरपणे सांगत, “नोझल बघून घ्या. खोकतंय.” बहुतेक सारंग त्यांना हाकलत. एका सारंगाने खरंच नोझल पाहिलं, आणि पुढच्या वर्षी दाजींना धक्क्यावरून हाक मारली. त्या हाकेची गोष्ट मुरबाडच्या बाजारात ज्याने ऐकली नाही असा माणूस मला भेटलेला नाही.

तोवर ताई बाकावर तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीच्या चटणीचं गाठोडं सोडून बसलेली असे. ही चटणी आजूबाजूच्या सगळ्यांना वाटायची असा दाजींचा हुकूम. समुद्रावर राहणाऱ्या माणसांना मुरबाडहून नेलेली सुकी मासळी खायला घालणारा दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही. “खाऊन बघा,” ते रेवसच्या कोळणींना सांगत, “आमच्याकडची हाय.”

आणखी एक. समोर पहिली लाँच लागलेली असली तरी दाजी तिच्यात चढत नसत. पहाटेपासून धावपळ करून, मुलांना फरफटत आणून धक्का गाठायचा, आणि लाँच डोळ्यांदेखत जाऊ द्यायची. मुलं ओरडत. दाजी धक्क्याच्या तोंडाशी उभे राहून म्हणत, “पयली थंड असते. दुसरीचं इंजिन तापलेलं मिळतं.” मुलांना ते पटत नसे, पण गिरणीवाल्याशी इंजिनावरून कोण वाद घालणार?

हे सगळं मला कसं माहीत? दाजी फोनवर सांगत. सुरुवातीला मुरबाडच्या एसटीडी बूथवरून, नंतर घरच्या फोनवरून. सहलीहून आले की दुसऱ्या दिवशी माझ्या शाळेच्या ऑफिसात फोन वाजे. मी शहापूरला एका शाळेत क्लार्क. “दत्ता, बसलायस का? मंग ऐक.” तिथून पाऊण तास. मी मध्ये ‘हो’ म्हणे आणि दाखल्यांवर शिक्के मारी.

मलाही दरवर्षी बोलावणं असे. “पावनं, या टायमाला नाय म्हनायचं नाय.” मी कधीच नाही म्हटलं नाही. मी म्हणे, “तुम्ही पुढे व्हा दाजी, मी शहापूरहून परस्पर धक्क्यावर येतो.” आणि जात नसे. दुसऱ्या दिवशी शाळेत काम निघालं म्हणून सांगे. सुट्टीच्या दिवशी शाळेत काय काम निघतं हे त्यांनी मला कधी विचारलं नाही.

खरं कारण लिहायलाच बसलो आहे तर लिहितो. मला त्यांची लाज वाटे. डोक्याला टॉवेल, हातात भाकऱ्यांचं गाठोडं, आणि माणसं मोजताना पोती मोजल्यासारखा आवाज, “एक हाय, दोन हाय, तीन हाय...” अशा मंडळींबरोबर मुंबईत कुणी ओळखीचं भेटलं तर, अशी मला धास्ती होती. मुंबईत माझ्या ओळखीचं कुणीही नव्हतं.

दोन हजार सात-आठच्या सुमारास आमच्या शाळेत इंटरनेट आलं. काम संपल्यावर मी मराठी ब्लॉग वाचू लागलो. पुण्याचे एक गृहस्थ प्रवासाचा ब्लॉग चालवत आणि बाहेरच्यांचे लेखही घेत. एकदा त्यांनी आवाहन केलं की कुटुंबासोबत केलेल्या बोटीच्या, लाँचच्या, नदीवरच्या तरीच्या प्रवासांवर लिहून पाठवा. मी शाळेच्या वार्षिक अंकात बरीच वर्षं लिहीत होतो. कुणी वाचत नव्हतं. एका संध्याकाळी मी दाजींचा रेवसचा फोन आठवून ‘खाडीपलीकडची सकाळ’ हा लेख लिहिला. दाजींच्या जागी मी बसलो, ताईच्या जागी माझी बायको मीना. चटणी काढून टाकली. त्याऐवजी सूर्योदय घातला.

लेख आला. खाली माझं नाव, आणि नावापुढे ‘पाहुणा लेखक’. मी मीनाला शाळेत बोलावून संगणकाच्या पडद्यावर तो दाखवला.

तिने सावकाश वाचला. “आपण कधी गेलो होतो?”

“लेखनात थोडी कल्पना असते.”

“थोडी? मी निळी साडी नेसून कठड्याला टेकले होते म्हणे. माझ्याकडे निळी साडी नाही.”

“वाचकांना कुठे माहीत आहे?”

“ताईंकडे आहे,” ती म्हणाली आणि भाजी आणायला निघून गेली.

मी आणखी तीन लिहिले. चौथ्यात घात झाला. दाजींनी त्या वर्षीच्या मे महिन्यातल्या फोनवर सांगितलं होतं, “पानी सुकलेलं रे, म्हनून होडीत घेतलं.” आता आम्ही डोंगराकडची माणसं. आमच्याकडे पाणी सुकलं म्हणजे विहीर आटली, नदी कोरडी पडली, टँकर बोलवायची वेळ आली. मी लिहिलं, ‘यंदाच्या कडक उन्हाळ्याने रेवसची खाडी आटली होती. तळाच्या भेगा पाहून मन विषण्ण झालं.’ भेगा माझ्या.

दोन दिवसांनी उरणच्या एका वाचकाची प्रतिक्रिया आली. ‘साहेब, खाडी उन्हाळ्याने आटत नाही. ती समुद्राला जोडलेली असते. पाणी सुकलं म्हणजे ओहोटी होती. सहा तासांनी परत भरतं. आपण नक्की गेला होतात ना?’

खाली आणखी चौघांनी हसणाऱ्या तोंडाची चित्रं टाकली.

मी कान गरम होईपर्यंत ती ओळ वाचली. मग उत्तर लिहिलं. ते मला अजून पाठ आहे. ‘प्रवास आम्हीच केला. मात्र त्या दिवसाचा तपशील आमच्या एका अडाणी नातेवाइकाने सांगितला होता, त्यामुळे ही चूक झाली. क्षमस्व.’

दाजींनी शब्द बरोबर वापरला होता. भरती-ओहोटी त्यांच्या भिंतीवर होती. अडाणी मी होतो.

त्यानंतर मला वाटलं, माणूस विनोदी केला की त्याच्या नावावर काहीही खपतं. म्हणून पाचवा लेख लिहिला, ‘आमचे लाँचवेडे दाजी’. नोझल, तापोळा, चटणी, हौसाबाय, पहिली लाँच सोडायची खोड, सगळं त्यात. ‘पहिली लाँच कशासाठी असते हे आमच्या दाजींना आजवर उमगलेलं नाही,’ असं एक वाक्य होतं. त्या वाक्याला वाचक फार हसले. माझ्या बाकीच्या सगळ्या लेखांना मिळून आले नसतील इतके अभिप्राय त्या एकाला आले. पुण्याच्या गृहस्थांनी ‘अजून असे नातेवाईक आहेत का?’ म्हणून विचारणा केली.

दाजी इंटरनेट बघत नाहीत हा माझा भरवसा होता. त्यांची मुलगी वंदना मुरबाडला कॉलेजात जाते आणि कॉलेजसमोर सायबर कॅफे आहे, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. तिने सगळे लेख छापून घरी नेले. पुढे महिनाभराने वंदनाचा साखरपुडा होता. मी आणि मीना सरळगावला एसटीतून उतरलो आणि चालत गावात गेलो.

अंगणात मांडव. दाजी नव्या टोपीत. मला बघितल्याबरोबर त्यांनी माझा हात धरला आणि थेट व्याह्यांसमोर नेऊन उभा केला. व्याही खर्डीचे, शांत, मोजकं बोलणारे.

“हे आमचे लेखक,” दाजी म्हणाले. “नेटवर लिवतात. जगात कुठं पन वाचा.”

त्यांनी काखेतली प्लॅस्टिकची फाइल उघडली. पाचही लेख ओळीने लावलेले होते. माझ्या नावाखाली त्यांनी बोट ठेवलं. “वाचा हितं. काय लिवलंय?”

व्याह्यांनी चष्मा वर केला. “पाहुणा लेखक.”

“हां!” दाजींचा चेहरा फुलला. “पावना. म्हंजे माझा पावना. बायकोचा भाव! त्या पुन्याच्या लोकांनी चौकशी करून बराबर लिवलंय.”

“नेटवर नातं पन लिवतात?” व्याह्यांनी विचारलं.

“लिवतात तर! नायतर समजायचं कसं, कोनाचा कोन?”

 पाहुणा या शब्दाचा नेटवरचा अर्थ सांगायला हरकत नव्हती, पण मग बाकीचंही सांगावं लागलं असतं.

दाजी एकेक लेख दाखवत गेले. टिंगलीचा लेख त्यांनी स्वतः वाचून दाखवला, आणि हसण्याच्या जागी सगळ्यांच्या आधी हसले. मी पाहिलं तर प्रत्येक पानाच्या कडेला लाल पेनने बारीक दुरुस्त्या होत्या. मी साडेअकराची लाँच लिहिली होती, तिथे ‘पावणेबारा’. मी सूर्य उजवीकडून उगवताना दाखवला होता, तिथे ‘डावीकडून’. टिंगलीला कुठेही लाल रेघ नव्हती. फक्त वेळा आणि दिशा.

मग चौथा लेख आला. वंदनाने खालच्या प्रतिक्रियाही छापलेल्या. दाजी बोट फिरवत फिरवत माझ्या उत्तराशी थांबले.

“दत्ता, ह्ये बघ. ‘एका अडाणी नातेवाइकाने.’” त्यांनी मान वर केली. “हा कोन रे? आपल्यात कोन अडाणी?”

मांडवात पेढ्यांचं ताट फिरत होतं. व्याही माझ्याकडे बघत होते. दाजींच्या डोळ्यांत मला तरी काही सापडलं नाही. चौकशी होती, वेळ विचारल्यासारखी.

“तुझ्या सासरचा असंल कोन,” दाजींनी स्वतःच सुचवलं.

“हो,” मी म्हटलं. “सासरचाच.”

मीना दोन हात अंतरावर उभी होती.  परत जाताना एसटीने किन्हवली सोडली. तेव्हा ती म्हणाली, “माझ्या माहेरात लाँच बघितलेला एकही माणूस नाही. खोटं बोलायचं तर नीट बोलायचं.”

पण त्याआधी, साखरपुड्याच्या पंगती उठल्यावर, मी मागच्या पडवीत हात धुवायला गेलो होतो. ताई तिथे भांडी वेगळी करत बसली होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “तुझं वाचलं रे मी. वंदूनं वाचून दाखवलं. हसले मी पन.”

“ताई, ते जरा गमतीत...”

“हसायचं लिवलंस, बेस केलंस. मानूस हायच तसा. पन एक खोटं लिवलंस.”

मला वाटलं, निळी साडी.

“पयली लाँच सोडतात, ते त्यांना समजत नाय म्हनून नाय.” तिने एक टोप दुसऱ्यात ठेवला. “तू येतो म्हनायचास ना धक्क्यावर.”

मी नळ बंद केला.

“आमाला म्हनायचे, इंजिन थंड असतं. पोरांना पटवायला रे. गेटाच्या तोंडाला उभे ऱ्हायचे. शहापूरची गाडी लेट असंल, येल, अजून थोडं बघू. लाँच सुटली का मंग म्हनायचे, चला, आता नाय येत वाटतं. असं किती वर्सं झाली सांग.”

“मला कधी बोलले नाहीत.”

“काय बोलनार? तुला काम असायचं.” दुसरा टोप ओढत ती पुढे म्हणाली, “त्यांना भाव नाय. चार बहिनी, त्या बी आपापल्या घरी. आमच्या लग्नात सगळ्यांना सांगत सुटलेले, मला पाठचा भाव गावला, शिकलेला हाय. मला मेली लाज वाटलेली, नवरी इकडं उभी आन् ह्यांचं कौतुक साळ्याचं.”

ती उठून आत गेली. तिने मला दोष दिला नाही. हिशेब लागत नव्हता तो लावून दिला, एवढंच.

शहापूरला परतल्यावर मी पहिलं काम केलं ते पुण्याच्या गृहस्थांना खरं लिहून कळवण्याचं. त्यांनी चार लेख काढून टाकले आणि दोन ओळींचा खुलासा टाकला. पाचवा लेख ठेवू का, असं विचारलं. तो लोकप्रिय होता. मी तोही काढायला सांगितला. उरणच्या वाचकाची मी वेगळी माफी मागितली. त्यांनी लिहिलं, ‘हरकत नाही. कधी या, लाँचने फिरवतो.’ परक्या माणसाची माफी मागणं फार सोपं असतं.

दाजींची मागायला मला पुढचे चार-पाच महिने लागले. आधी फोन केला. “दाजी, मला जरा बोलायचं होतं...” “बोल की. पन थांब, आधी माझं ऐक, दाभोळच्या फेरीबोटीला आता दोन इंजिनं हायत म्हनतात.” पाऊण तास गेला. मग मी पत्र लिहिलं. तीन पानी. ते मीनाने वाचलं. ‘अंतःकरणाच्या तळाशी साचलेली खंत’ या शब्दांपाशी ती थांबली. “हेही तुम्ही तसंच लिहिलंय,” ती म्हणाली. “सजवून.” मी पत्र फाडलं.

शेवटी दिवाळीनंतर एका रविवारी मी किन्हवलीमार्गे सरळगाव, आणि तिथून चालत गिरणीवर गेलो. नवं भात आलेलं, त्यामुळे गिरणी भरलेली. दारापासून गोण्या, गोण्यांवर बायका, हवेत तूस. दाजी भात ओतायच्या हॉपरपाशी उभे होते, भुवयांपर्यंत पांढरे. मला बघून त्यांनी हात केला. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं.

मी त्यांच्या कानाशी गेलो आणि मोठ्याने म्हटलं, “दाजी, माझं चुकलं.”

“काय?”

“चुकलं माझं!”

“चुकलास? रस्ता? मंग सरळगावला विचारायचा ना कोनाला!”

“रस्ता नाही! मी! मी चुकलो!”

दाजींनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग ते इंजिनापाशी गेले आणि त्यांनी ते बंद केलं. भर हंगामात, रांग लागलेली असताना, दाजींनी इंजिन बंद केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. रांगेतल्या बायकांनीही नसावं. पट्टा चार-पाच वेळा फिरून थांबला. गिरणीत एकदम इतकं शांत झालं की बाहेरच्या कोंबड्या ऐकू आल्या.

“काय झालं वो?” कुणीतरी विचारलं. “बिघडली काय?”

“नाय बिघडली,” दाजी म्हणाले. टॉवेलने तोंड पुसत ते गोणीवर बसले, आणि शेजारच्या गोणीवरची टोपली त्यांनी माझ्यासाठी खाली ठेवली. “पावन्याला बोलायचं हाय. बोल रे.”

मी बसलो नाही. एसटीत घोकून ठेवलेली वाक्यं होती, ती सगळी पुस्तकी होती. मी खाली बघत काहीतरी पुटपुटलो.  मागच्या गोणीवरून एक म्हातारी म्हणाली, “मोठ्यानं बोल रं बाबा. मागं काय पन आयकू येत नाय.”

मग मी मोठ्याने बोललो. लहानपणी घरात बोलायचो त्याच बोलीत तोंडातून आलं.

“दाजी, ते चार लेख तुमचे हायत. मी कुठंच गेलो नाय. तुमी फोनवर सांगितलं ते मी माझं म्हनून लिवलं. पानी सुकलेलं, ह्ये तुमी बराबर बोलला व्हता, मला समजलं नाय, आन् अडाणी म्हनून मी तुमालाच लिवलं. सासरचा कोन नव्हता, ते पन खोटं बोललो. आन् येतो येतो सांगून मी घरी बसलो, दर वर्साला, काम नव्हतं मला काय. तुमच्याबरोबर दिसायची लाज वाटायची. तुमी तिथं उभे ऱ्हायचात ते मला म्हाईत नव्हतं, पन म्हाईत असतं तरी मी आलो असतो का, ते मला आज बी सांगता येत नाय. माझं चुकलं, दाजी. मला माफ करा.”